तक्त्यावरचा भोपळा

पहिल्या वर्षी तक्त्यावर भोपळा.
दोरीच्या दोन टोकांना खुंट्या, गळ्यात घड्याळ,
सौर पॅनेलांच्या दोन ओळींमधून
पंधरा मिनिटं सावकाश चालायचं
आणि जे फुलावर बसेल ते मोजायचं.
फूलच नव्हतं.
गाजरगवताच्या गोतावळ्यातलं काहीबाही होतं,
आणि इलिनॉयचं ते आभाळ,
ज्याला कडेला कुणी अडवत नाही.

नेल्डा आकरमननं साठ एकर भाड्यानं दिले
त्या हिवाळ्यात डेल्मार रिंकनबर्गरनं
स्टिअरिंगवरचं बोट उचलणं सोडलं.
इथे समोरून पिकअप आली
की एक बोट उचलायचं असतं, एवढंच.
रामराम, पावसाची चौकशी, गुडघा कसा आहे,
सगळं त्या बोटात.
चर्चच्या जेवणात तो बोलला,
बटाट्याचं सॅलड वाढून घेताना, कुणाकडेही न बघता:
काच पेरलीये. आता काच खा.
नेल्डानं ऐकलं.
सॅलड तिनंच केलेलं होतं.

दुसऱ्या वर्षी अकरा.
त्यातल्या चार, नाव न कळल्यानं, मी ‘इतर’मध्ये ढकलल्या.
बी पेरणारा सांगून गेला होता,
ही झाडं आधी खाली वाढतात.
मी एक रोप उपटून पाहिलं.
वर बोटभर, खाली माझ्या कोपरापर्यंत.
परत लावलं.
जगलं नाही.

तिसऱ्या जुलैत पेन्सिल पुरेना.
मोनार्डा, फिकट जांभळा, झोपेतून उठल्यासारखा विस्कटलेला,
पॅनेलच्या खालच्या कडेला डोकं टेकेल इतकाच उंच.
उन्हातला आधी फुलला, सावलीतला मागाहून,
म्हणजे जेवणावळीची दुसरी पंगत.
आणि भुंगे, एवढ्या उकाड्यात पिवळी लोकर पांघरलेले.
दोनशे सहापर्यंत रेघा ओढल्या,
मग नुसती उभी राहिले.
घड्याळ चालू होतं.

कुंपणापलीकडे डेल्मारचे भोपळे.
डबाबंद कारखान्याचे, फिकट, लांबोडे, दिसायला यथातथाच.
दरवर्षी तो मधमाश्यांच्या पेट्या भाड्यानं आणायचा.
त्या वर्षी पेटीवाल्यानं मणक्याच्या दुखण्यानं धंदा विकला,
नवा मालक फोन उचलेना.
भोपळ्याचं फूल पहाटे उघडतं,
दहा-अकराला मिटतं, ते कायमचं.
तेवढ्यात कुणी आलं तर आलं.

सव्वापाचला मी पोचले तर तो कुंपणाशी उभा,
टोपी हातात.
भुंगे तारेवरून जात होते
आमच्याकडून त्याच्याकडे,
पाठीला केशरी पीठ माखून परत.
किती लांब जातात? त्यानं विचारलं.
अर्धा मैल. कधी जास्त.
तो ओठांतल्या ओठांत एकर मोजत राहिला.
मग कालचं मिटलेलं एक फूल हळूच उकललं.
आत एक इवलासा नर, परागात लोळून झोपलेला.
‘हा मात्र आमचा,’ म्हणाला, ‘आमच्या मातीत जन्मतो.’
आणि पाकळ्या परत ओढून घेतल्या
त्याच्या अंगावर.

सप्टेंबरात कुंपणालगतच्या ओळींनी आधी ट्रेलर भरले.
काट्यावर वजन किती वाढलं, त्यानं सांगितलं नाही,
मी विचारलं नाही.
नेल्डाच्या पायरीवर भोपळाबिपळा कुणी आणून ठेवला नाही.
पॅनेलं त्याला अजून भिकारच वाटतात.
ऑक्टोबरात मात्र समोरून त्याची पिकअप आली.
नेल्डा म्हणते, बोट उचललं.
मी म्हणते, खड्डा होता.

काल त्याचा फोन आला, पहिल्यांदाच.
इकडच्या बाजूलाही मोजायचं असेल तर मोज.
फक्त वेलींवर पाय देऊ नकोस.